'पटकन'ला घरात बंदी

लिफ्टचं दार धरून मी आत उभी. खांद्याला लॅपटॉप, हातात मोबाइल, साडेनऊच्या कॉलला चाळीस मिनिटं उरलेली आणि मध्ये कर्वे रोडचा ट्रॅफिक. बाहेर बाबा. त्यांना बँकेत सोडून मी पुढे ऑफिसला जाणार होते. लिफ्ट आणि पॅसेज यांच्यामध्ये ती बोटभर फट असते ना, तिच्यासमोर येऊन बाबा थांबले. थांबले म्हणजे पुतळाच. टाचा थरथरत उचलल्या जात होत्या, पण पाऊल काही पुढे पडेना.

"बाबा, चला ना पटकन!"

पाय आणखी चिकटले. लिफ्टचा बझर कोकलायला लागला. खालच्या मजल्यावर कुणीतरी जाळीवर थाप मारली. शेवटी मी हाताला धरून त्यांना आत ओढलं, तसे ते तोल जाऊन माझ्या अंगावरच आले. दोघंही लिफ्टच्या आरशावर आदळलो. सावरल्यावर बाबा म्हणाले, "सॉरी गं."

आयुष्यभर ज्यांचा ओरडा खाल्ला, त्यांनी मला सॉरी म्हणावं आणि मी मोबाइलमध्ये टाइम बघावा, ही 2017 सालातली गोष्ट. आजही आठवली की कसंतरीच होतं.

बँकेत कशाला चाललो होतो तेही सांगते. सही जुळत नाही म्हणून चेक परत आला होता. माझे बाबा ड्राफ्ट्समन. कॉम्प्युटर यायच्या आधी टी-स्क्वेअर लावून मशीनची ड्रॉइंग्ज काढणारे. त्यांचं लेटरिंग बघून लोक विचारायचे, छापलंय का? त्या माणसाची सही हळूहळू बारीक होत होत शेवटी मुंगीएवढी झाली होती. आम्हाला वाटलं, चष्म्याचा नंबर बदलला असेल. चालताना उजवा हात हलेनासा झाला, आम्ही म्हटलं फ्रोजन शोल्डर. आईने केलेल्या फोडणीचा वास येईना, आम्ही म्हटलं सर्दी. आमच्या घराइतकी हुशार घरं फार असतात असं न्यूरॉलॉजिस्टनी आम्हाला नंतर सांगितलं, अर्थात जरा सौम्य शब्दांत.

पार्किन्सन्स. आपल्याकडचा जुना शब्द कंपवात. 1817 साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने यावर निबंध लिहिला, म्हणून त्याचं नाव. मेंदूतल्या एका छोट्याशा भागातल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी कमी होत जातात. 'म्हाताऱ्यांचा आजार' म्हणून पान उलटू नका. मायकेल जे. फॉक्स हा 'बॅक टु द फ्युचर'चा हीरो, त्याला निदान झालं तेव्हा तो 29 वर्षांचा होता. आणि तुम्ही पंचविशी-तिशीत असाल तर तुमचे आई-बाबा साठीच्या आसपास आहेत. एवढं पुरे.

मला तेव्हा वाटायचं, पार्किन्सन्स म्हणजे थरथर. डॉक्टर म्हणाले, थरथर दिसते म्हणून लोक घाबरतात, पण पुढे जाऊन खरा त्रास देतो तो तोल. आपण चालतो तेव्हा 'आता उजवा पाय, आता डावा' असं म्हणतो का? ते आपोआप होतं. हे 'आपोआप'च या आजारात बिघडतं. ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर एक्सेलमधला मॅक्रो करप्ट झालाय, आता प्रत्येक सेल हाताने भरायचा. मॅन्युअली भरला तर भरतो, हे महत्त्वाचं. पण मागे उभं राहून कुणी 'पटकन, पटकन' केलं की तेही जमत नाही. दार, उंबरठा, लिफ्टची फट, अरुंद जागेतलं वळण, ही पाय चिकटण्याची हमखास ठिकाणं. वर घाई आणि टेन्शन, म्हणजे संपलंच.

म्हणजे लिफ्टसमोर मी जे केलं ते नेमकं उलटं होतं.

पुढच्याच वर्षी, मार्च 2018 मध्ये, कंपनीने मला सहा महिन्यांसाठी शांघायला पाठवलं. (मुळीच जायचं नव्हतं. पण अप्रेझल तोंडावर होतं, काय सांगू!) राहायची जागा फूशिंग पार्कच्या जवळ. 1909 साली फ्रेंचांनी केलेली ही बाग. मोठमोठी प्लेनची झाडं आणि मार्क्स-एंगल्सचा दगडी पुतळा. सकाळी सात वाजता तिथे जी धमाल चालते ती आपल्या सारसबागेला लाजवेल. एका कोपऱ्यात स्पीकर लावून जोडीजोडीने बॉलरूम डान्स, दुसरीकडे पत्ते कुटणारे आजोबा, आणि झाडांखाली ताई-चीचे गट. वीस-पंचवीस माणसं, अगदी पाण्याखाली असल्यासारखी हलणारी.

तिसऱ्या दिवशी माझं लक्ष एका गृहस्थांकडे गेलं. साठीचे असतील. मागच्या रांगेत उभे, आणि उजव्या हाताचा अंगठा नि तर्जनी एकमेकांवर फिरताहेत, बारीक गोळी वळावी तसे. घरी रोज बघत होते मी ते. मग गट हलायला लागला. हात ढगासारखे एका बाजूकडून दुसरीकडे तरंगत जातात असा एक प्रकार आहे, तो सुरू झाला आणि त्यांची थरथर थांबली. हालचाल संपून हात खाली आले, पुन्हा सुरू.

मी चाटच पडले. मिरॅकल! लगेच आईला फोन. नंतर कळलं, त्यात मिरॅकल काही नव्हतं. पार्किन्सन्सची थरथर मुख्यतः हात नुसता पडलेला असतानाची. हात कामाला लागला की ती बऱ्याचदा कमी होते. बाबांनी चहाचा कप उचलतानाही होते. मी त्या गृहस्थांच्या हाताकडे बघत होते, खरं तर बघायला हवं होतं पायांकडे.

ते दाखवलं गट घेणाऱ्या बाईंनी. लाल जॅकेट, पांढरा बॉबकट, वय सत्तरच्या पुढे. चिनी भाषेत मावशी-काकूंना 'आयी' म्हणतात, त्यामुळे मला हाक मारायला फार सोपं गेलं. मी मागे उभी राहून नक्कल करायला लागले तशा त्या येऊन म्हणाल्या, "मान! मान!" मी लगेच मान ताठ केली. त्या हसून पुन्हा, "मान, मान." मी आणखी ताठ. तिसऱ्या दिवशी ऑफिसमधल्या एका मुलीने उलगडा केला की चिनीत 'मान' म्हणजे हळू. निरोप घेतानाही तिथले लोक 'मान झौ' म्हणतात, अगदी आपल्या 'सावकाश जा' सारखं.

मग आयींनी मला पंधरा दिवस नुसतं एक पाऊल शिकवलं. विनोद करत नाहीये. एक पाऊल. आधी सगळं वजन उजव्या पायावर. मग डावा पाय 'रिकामा'. रिकामा पाय उचलून पुढे, टाच आधी टेकायची, पण वजन अजून द्यायचं नाही. पाय हवा तर परत मागे घेता आला पाहिजे. मग सावकाश, ग्लासातून ग्लासात पाणी ओतावं तसं वजन पुढे. आता डावा भरलेला, उजवा रिकामा. वळायचं ते पाय मुरडून गिरकी घेऊन नाही, आधी कंबर वळवून. आणि हे करताना लक्ष दुसरीकडे गेलं की तोल गेलाच. मी धडधाकट तिशीची बाई त्या एका पावलात तीनदा डगमगले.

तेव्हा ट्यूब पेटली. बाबांचं जे 'आपोआप' गेलं होतं, ते इथे मुद्दामच बंद ठेवतात. प्रत्येक सेल हाताने भरायचा हाच इथला फंडा!

गंमत म्हणजे हे मूळचं मारामारीचं शास्त्र. 'ताई-ची-छुआन' मधला 'छुआन' म्हणजे मूठ. सतराव्या शतकात हेनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावात याची सुरुवात मानतात. 1956 साली चिनी सरकारच्या क्रीडा विभागाने त्यातून 24 हालचालींचा सोपा क्रम बसवला, तोच आज जगभरच्या बागांमधून दिसतो. 2020 साली युनेस्कोनेही ताई-चीला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. हालचालींची नावं तर कवितेसारखी: जंगली घोड्याची आयाळ दुभागणे, सोनेरी कोंबडा एका पायावर... या कोंबड्याकडे पुढे येतेच. याशिवाय छी-कुंग, म्हणजे श्वासाबरोबर केलेल्या आणखी सोप्या हालचाली. त्यातला बा-दुआन-जिन हा आठ हालचालींचा जुना क्रम आयींनी मला आवर्जून शिकवला, कारण त्यात फारसं चालावं लागत नाही. दोन्ही हातांनी आकाश उचलून धरायचं, धनुष्य ओढून गरुडावर नेम धरायचा, असं.

सप्टेंबरमध्ये परत आले ती एक्स्पर्ट होऊनच. बाबांचं म्हणणं, "आम्ही सूर्यनमस्कार घालून मोठे झालो, हे कराटे कशाला?" आईचं म्हणणं, "करून तर बघा, पोरगी एवढं शिकून आली आहे." हॉलमधला सोफा भिंतीला सरकवला आणि रोज सकाळी सातला आमचा क्लास सुरू झाला. पहिल्या आठवड्यात फक्त वजन उजवीकडे, वजन डावीकडे. बाबांना ते आवडलं. ड्राफ्ट्समनच ते, सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी वगैरे मलाच समजावायला लागले. दुसऱ्या महिन्यात लिफ्टच्या फटीसमोर थांबून, मनात 'भरलेला, रिकामा' म्हणत त्यांनी एकट्याने पाऊल टाकलं. आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या.

आणि मग मी माती खाल्ली.

दिवाळीच्या आधीचा आठवडा. बाबा छान करताहेत, मग नेक्स्ट लेव्हल नको का? आपल्याला सगळीकडे नेक्स्ट लेव्हल लागते. मी सोनेरी कोंबडा काढला. एका पायावर उभं राहायचं, दुसरा गुडघा वर. खुर्ची लांब होती. सकाळची गोळी घ्यायची राहिली होती हे मला माहीत नव्हतं, मी विचारलंच नव्हतं. बाबा म्हणाले, "आज जरा जड वाटतंय." मी म्हणाले, "एकदाच बाबा, पटकन!"

टीपॉयच्या कडेवर हात टेकून ते पडले. डावं मनगट फ्रॅक्चर. सहा आठवडे प्लॅस्टर, आणि हाडापेक्षा वाईट म्हणजे मनात बसलेली भीती. तीन महिने बाबा बाल्कनीपर्यंतसुद्धा भिंत धरून जायचे. मला एका शब्दाने बोलले नाहीत. पार्किन्सन्समध्ये चेहऱ्यावरचे भावही कमी होतात, त्यामुळे रागावलेत की नाही हेही कळायला मार्ग नाही. ती दिवाळी माझ्या आयुष्यातली सगळ्यात गप्प दिवाळी.

गिल्ट आल्यावर आपण जे करतो तेच मी केलं. रात्र रात्र वाचत बसले. 2012 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनमधला एक अभ्यास आला होता. फूझोंग ली आणि त्यांचे सहकारी. पार्किन्सन्सचे 195 पेशंट, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटलेले. एक गट ताई-ची, दुसरा वजनं वापरून ताकदीचा व्यायाम, तिसरा नुसतं स्ट्रेचिंग. आठवड्यातून दोनदा, तासभर, 24 आठवडे. न पडता किती वाकता येतं, शरीर हव्या त्या दिशेला नेता येतं का, अशा तोलाच्या चाचण्यांमध्ये ताई-चीवाले दोन्ही गटांच्या पुढे. पडण्याचं प्रमाणही स्ट्रेचिंगवाल्यांपेक्षा कमी. ताकदीच्या व्यायामापेक्षा मात्र पडणं कमी झाल्याचं ठामपणे दिसलं नाही, हेही तिथे सरळ लिहिलंय. म्हणजे ज्यांचे बाबा डंबेल्स उचलताहेत त्यांनी ते सोडायची गरज नाही. क्लास संपल्यावर तीन महिन्यांनीही फायदा टिकून होता.

मला जास्त झोंबली ती दुसरीच गोष्ट. या लोकांनी पेशंटना 24 हालचालींचा क्रमसुद्धा दिला नव्हता. निवडक सहा हालचालींवर बेतलेला आठ प्रकारांचा छोटा क्रम, आणि तो शिकवायला शिकलेले इन्स्ट्रक्टर. माझ्यासारखी सहा महिन्यांची एक्स्पर्ट नव्हे.

जानेवारीत एक फिजिओथेरपिस्ट घरी यायला लागल्या. त्यांनी मला फैलावर घेतलं नाही, फक्त क्लासचे नियम बदलले. गोळीचा असर चालू असेल तेव्हाच व्यायाम. बाबा लेव्होडोपा घेतात, त्याचं मेंदूत डोपामिन होतं. गोळी लागू असताना माणूस वेगळा आणि उतरल्यावर वेगळा, हे पार्किन्सन्सच्या प्रत्येक घराला ठाऊक असतं. मी सहा महिने त्या घरात नव्हते. समोर जड, न सरकणारी खुर्ची, पाठ ओठंग्याच्या ओट्याकडे. सतरंजी, पायपुसणं, फोनच्या वायरी बाहेर. चपला मागे पट्टा असलेल्या. कोंबडा रद्द. बा-दुआन-जिनच्या शेवटी टाचा उचलून सात वेळा आपटायच्या असतात, ते फक्त खुर्ची धरून. पाय चिकटला तर ओढायचं नाही, ढकलायचं नाही. थांबायचं, वजन एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि मग मोठं पाऊल. जमिनीवर एखादी रेघ असेल तर ती ओलांडायची. त्यांनी आमच्या लिफ्टसमोर पिवळी चिकटपट्टी लावली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी ती दोनदा काढली, आईने तीनदा लावली.

आणि हॉलच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या खाली बाबांनी स्वतः एक कागद चिकटवला. थरथरत्या पण टपोऱ्या अक्षरांत: 'पटकन म्हणू नये.'

गोळ्या सुटतील, थरथर जाईल, असं कुणी या व्यायामाबद्दल सांगितलं तर बॉस, सरळ उठून या. बाबांचा डोस 2019 नंतर दोनदा वाढलाय. उजवा हात अजून गोळ्या वळतो. आजार पुढे जातो आहे, त्याला कुणी थांबवलेलं नाही. 2023 मध्ये शांघायच्याच रुईजिन हॉस्पिटलचा अभ्यास आला, तो वाचताना मला हसू आलं आणि डोळेही भरले. हे हॉस्पिटल फूशिंग पार्कपासून चालत जाण्याइतकं जवळ, मी कितीदा तरी त्याच्यासमोरून कॉफी घेऊन गेले असेन. तीनशेहून जास्त पेशंट, काही नियमित ताई-ची करणारे, काही न करणारे, सगळ्यांवर काही वर्षं नजर ठेवलेली. 2019 मध्ये न करणाऱ्यांपैकी सुमारे 83 टक्के लोकांचा औषधाचा डोस वाढवावा लागला होता, करणाऱ्यांपैकी 71. फरक आहे. पण इथे चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते. जे मुळातच उत्साही, तेच ताई-चीला गेले असंही असू शकतं. आणि 71 म्हणजे काही शून्य नव्हे. हे मी बाबांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे बारा जणांचं भलं झालं असेल शंभरात. वाईट आहे का?"

मग आम्हाला काय मिळालं? 2019 पासून आजवर बाबा घरात दोनदा पडले, दोन्ही वेळा बाथरूममध्ये, दोन्ही वेळा रात्री. ताई-चीमुळे बाकीचं पडणं टळलं की चिकटपट्टीमुळे की नव्या डोसमुळे, सांगता येणार नाही. एक मात्र मी डोळ्यांनी बघते. ते आता जागच्या जागी गर्रकन वळत नाहीत. आधी कंबर, मग छोट्या अर्धगोलात चार पावलं. कठड्याला हात न लावता कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणतात. आमच्या पायांनी पाच मिनिटांचं अंतर, त्यांना वीस लागतात. पूर्वी कुणी सोबत निघालं की नको म्हणायचे, आता म्हणतात चल, पण माझ्या स्पीडने.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर आधी न्यूरॉलॉजिस्टना विचारा, मग शिकवणारा माणूस शोधा, यूट्यूब शेवटी. आणि एकटे राहू नका. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आहे. बाबांना पहिल्यांदा तशा एका मीटिंगला नेलं तेव्हा दारातच त्यांचे पाय चिकटले. आतली पंधरा-वीस माणसं वळून बघत होती, आणि एकानेही 'या ना, या ना' केलं नाही. सगळे गप्प बसून राहिले, बाबांचं पाऊल पडेपर्यंत. मी तशी शांतता दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

आता शनिवार-रविवार क्लास बाबाच घेतात. विद्यार्थी दोन, आई आणि मी. परवा मी ढगांचे हात करत होते, मनात सोमवारचं प्रेझेंटेशन. बाबा खुर्चीला धरून उभे, बारीक आवाजात म्हणाले, "वजन गेलं नाही तुझं डाव्या पायावर. अर्धंच गेलंय."

"गेलंय हो बाबा."

"उचल बघू उजवा."

उचलला आणि सोफ्यावर पडले. तेवढ्यात टीपॉयवर मोबाइल वाजायला लागला, ऑफिसचाच. मी हात पुढे केला.

"वाजू दे," बाबा म्हणाले. "पहिल्यापासून. मान, मान."